खाटेखालच्या स्प्रिंगा

गोकुळ मोकासेचं घर शहराच्या छावणी भागात, गुरुवारचा बाजार भरतो त्याच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचं शेड. वाळूजच्या एका कारखान्यात वेल्डर म्हणून त्यानं उमर काढली. कारखाना बंद पडला तेव्हा त्यानं स्वतःची मशीन घेतली आणि शेडमध्ये गेट, जाळ्या, जिन्याचे कठडे करायला लागला. माणूस अबोल. त्याची बायको वच्छला मात्र शेडच्या दारात भाजी निवडत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांशी बोलायची. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाचं पोरगं पुण्याला लागलं, सगळं तिला आधी कळायचं.

दोन वर्षांपूर्वी दोघं मोटरसायकलवर उस्मानपुऱ्यात एका लग्नाला निघाले होते. गतिरोधक दिसला नाही, गाडी उसळली आणि मागं बसलेली वच्छला रस्त्यावर आपटली. गोकुळला खरचटलंसुद्धा नाही. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, आत सळया बसवल्या. धरून धरून न्हाणीपर्यंत जाता यायचं, पण बसणं संपलं आणि धक्का तर अजिबात सोसेना. दवाखान्यात न्यायचं म्हणजे रिक्षात आडवं घालून न्यायचं. खड्डा आला की ती पदर तोंडात कोंबायची. शेवटी तिनं दवाखानाच नको म्हटलं आणि आतल्या खोलीतल्या खाटेवर ती पडून राहिली.

तिचं माहेर कन्नडच्या पुढं, पिशोरचं. तिथं तिची म्हातारी आई सारजाबाई अंथरुणाला खिळलेली होती. धाकटा भाऊ सुदर्शन शेती बघायचा आणि पिकअपमधून अद्रक शहरात घेऊन यायचा. आला की बहिणीला फोनवर आई दाखवायचा, म्हणजे त्याची बायको तिकडून फोन धरायची. म्हातारीला फोनमधलं माणूस कळायचं नाही. ती दाराकडं बघून वच्छलाला हाका मारायची. या उन्हाळ्यात सुदर्शननं सांगितलं, की माय आता कोणालाच ओळखत नाही, पण अक्काचं नाव घेती.

तो गेल्यावर वच्छला नवऱ्याला म्हणाली, "मला एकदा मायकडं न्या. मंग कुठंच न्या म्हणणार नाय."

गोकुळनं ते मनावर घेतलं. पिकअपच्या हौद्यात लोखंडी खाट बसवायची आणि तिच्या चारी पायांखाली गाडीच्या गोल स्प्रिंगा द्यायच्या, म्हणजे रस्त्याचा धक्का वरपर्यंत येणार नाही, असं त्यानं ठरवलं. भंगारातून जुन्या मोटारींच्या स्प्रिंगा आणल्या. पण मोटारीचं वजन पेलणारी स्प्रिंग एका बाईच्या वजनाला दबेना. दोन स्प्रिंगा टोकाला टोक लावून लांब केल्या तर नरम पडत होत्या, पण नुसत्या एकावर एक ठेवल्या की सरकायच्या. जोड देणं भाग होतं.

भंगारवाल्या खलीलभाईंनी माल देतानाच बजावलं होतं. "मिस्त्री, इसकू वेल्डिंग नक्को मारो. जोड के बाजू से टूटता."

गोकुळला हे ठाऊक नव्हतं असं नाही. स्प्रिंगचं पोलाद वितळवून जोडलं, की जोडाच्या शेजारचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो, हे त्यानं कारखान्यात नव्या माणसांना स्वतः शिकवलं होतं. दोन्ही स्प्रिंगांच्या मधे लोखंडी वाटी आणि आतून नळी घातली असती तर वेल्डिंगशिवाय काम झालं असतं. पण त्यासाठी लेथ मशीनवाला गाठावा लागला असता, बरेच दिवस गेले असते. आणि सुदर्शनचा निरोप आला होता, की मायनं अन्न सोडलं.

त्यानं जमेल तेवढी काळजी घेतली. टोकं घासली, गॅसवर आधी तापवून घेतली, वेल्डिंगचा भारीतला रॉड वापरला आणि प्रत्येक जोड राखेत पुरून सावकाश निवू दिला. खाट तयार झाल्यावर तिच्यावर रेतीची पोती टाकून ती दणके देऊन पाहिली. मग सुदर्शनला गाडी घेऊन बोलावलं, स्वतः खाटेवर आडवा झाला आणि छावणीतल्या सगळ्या खड्ड्यांतून गाडी न्यायला लावली. खाट पाळण्यासारखी हलत होती. जोड शाबूत होते. घरी येऊन तो वच्छलाला म्हणाला, की झोप लागेल तुला. खलीलभाई काय म्हणाले ते त्यानं सांगितलं नाही.

पहाटे पहाटे निघाले. हौद्यावर ताडपत्री बांधलेली, बाजूनं उजेड येत होता. वेरूळचा घाट चढेपर्यंत वच्छला जीव मुठीत धरून होती. मग तिच्या ध्यानात आलं, की दुखत नाही. ती ताडपत्री वर करायला लावून बाहेर बघायला लागली. कुठं नवीन हॉटेल झालं, कुठलं झाड तोडलं, बोलत सुटली. गोकुळ खाटेशेजारी खाली बसला होता. त्याला वाटलं, परत येताना तिला सगळा गाव फिरवून आणावा.

कन्नड मागं पडलं आणि रस्ता उखडलेला लागला. सुदर्शन हळू चालवत होता. एका मोरीवर मागचं चाक आपटलं आणि टणकन आवाज झाला. डोक्याकडचा एक जोड तुटला. खाट त्या कोपऱ्याला खचली आणि वच्छला खाली सरकत लोखंडी कडेवर आदळली. ती ओरडली नाही. तिचं तोंड उघडं राहिलं, आवाज फुटला नाही.

गोकुळ खाटेखाली शिरला. गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवा होऊन त्यानं खचलेला कोपरा पाठीवर घेतला. सुदर्शननं विचारलं, "दाजी, पिशोरला नेऊ का माघारी फिरू?"

"कन्नड," गोकुळ म्हणाला.

कन्नडपर्यंत तो तसाच होता. तिथल्या दवाखान्यातून अॅम्ब्युलन्सनं शहरात आणलं. आतली सळई सरकून नस दाबली गेली होती. दुसरं ऑपरेशन झालं, पण वच्छलाचे पाय गेले, कमरेखालचं सगळंच गेलं. डॉक्टर म्हणाले, की सळई आधीपासूनच ढिली असेल, नुसत्या त्या धक्क्यावर खापर फोडता येणार नाही. गोकुळनं मान हलवली. त्याला ते पटलं नव्हतं.

ती दवाखान्यात असतानाच सारजाबाई गेली. सुदर्शननं येऊन सांगितलं तेव्हा वच्छलानं एवढंच विचारलं, शेवटी नाव घेतलं का. तो घेतलं म्हणाला.

घरी आल्यावर शेड बंदच राहिलं. उरलेल्या स्प्रिंगा गोकुळनं कापायच्या मशीनवर एकेक करून तोडल्या. तोडताना पाहिलं तर बाकीच्या जोडांनाही शेजारून बारीक चिरा गेल्या होत्या. त्यातला एकही टिकणार नव्हता. हे त्यानं दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही, पण वच्छलाला सांगितलं, खलीलभाईंनी बजावलेलंही सांगितलं.

तिनं वर पत्र्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही आधी सांगितलं असतं, जोड तुटतो म्हणून, तरी मी गेलेच असते."

"मी सांगितलंच नाय ना," गोकुळ म्हणाला.

आताशा ती कोणाशीच फार बोलत नाही. शेजारच्या गीताबाई येऊन बसतात, एकट्याच बोलतात, उठून जातात.

गोकुळ दिवसभर तिचं करतो. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून तिला या कुशीवरून त्या कुशीवर वळवतो. स्वयंपाक करतो, कपडे बदलतो. संध्याकाळी तेल कोमट करून तिचे तळवे चोळतो. डॉक्टरांनी काही उपयोग नाही म्हणून सांगितलंय, तरी चोळतो. चोळताना विचारतो, जाणवतं का. ती नाय म्हणते.

परवा मात्र ती म्हणाली, "व्हय, थोडं."

त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. तिनं मान भिंतीकडं फिरवली होती. त्यानं त्या वेळी तळव्याला हातसुद्धा लावलेला नव्हता, वाटीतून तेल घेत होता. दोन्ही हातांना तेल लावलं आणि चोळायला बसला.