रेवा शांत आहे, असं मी लिहिलं

“काका, एका वाक्यात सांगा. रेवा कीपर म्हणून चालेल का?”

निखिलला टीम कळवायची होती आणि गाडीही पकडायची होती. आठवडाभर तो बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. शनिवार-रविवारी इथे जपानमध्ये, निशी-कसाईतल्या आमच्या महिला क्रिकेट क्लबचा कोच. मी जन्मभर पुण्यात क्रीडा मानसशास्त्रज्ञ. निवृत्तीनंतर मुलाकडे आलो, रिकामं बसवेना, म्हणून क्लबच्या मुलींच्या स्वभावचाचण्या घेतल्या.

“अंतर्मुख आहे,” मी म्हणालो. “कीपरचा पिंड नाही. रिपोर्टमध्ये लिहिलंय तसं.”

“बास. मिळालं.”

रेवा इथेच वाढलेली, कॉलेजात शिकणारी. तिला कीपिंगशिवाय दुसरं काही नको होतं. क्लबमध्ये सांगतात, अभ्यासामुळे तिनं क्रिकेट सोडलं. ते खरं नाही. माझ्या रिपोर्टमुळे सोडलं.

कीपर म्हणजे टीमचा आवाज. स्टंपमागून तो सगळ्यांना जागं ठेवतो. आमच्या शास्त्रातला एक सिद्धांत म्हणतो, माणसाचे गुण ठरलेले असतात; प्रश्नावलीने मोजा आणि त्याला जागा नेमून द्या. दुसरा म्हणतो, नुसते गुण मोजून भागत नाही, प्रसंगही बघा. घरात गप्प असणारा मैदानात गप्प असेलच असं नाही. वर्गात मी दुसरा शिकवायचो. इथे पहिला वापरला. तो लवकर उरकतो.

चाचणी आमच्या हॉलमध्ये झाली, मराठीत. रेवा सोफ्याच्या कडेवर गुडघे जुळवून बसली. चहा आधी नको म्हणाली, मग हो म्हणाली. ‘गटात मी पुढाकार घेते’ या वाक्यापुढे तिनं ‘सांगता येत नाही’वर खूण केली. पुढेही बहुतेक तेच.

“अगं, काहीतरी एक ठरव.”

“हो, आजोबा,” म्हणाली आणि पुन्हा तिथेच खूण केली.

तिनं क्लब सोडल्याचं कळलं तेव्हापासून मला एका जागी बसवेना. सूनबाई म्हणाली, “बाबा, येरझाऱ्या आवरा. खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार येईल.”

स्पर्धेत नवी कीपर खणखणीत ओरडत होती, पण हिंदीत. निम्मी टीम जपानी. एका उंच झेलाखाली दोघी एकमेकींवर आदळल्या, चेंडू मधोमध पडला. मी उठलो आणि नदीच्या बांधावरून चालत सुटलो.

पलीकडच्या मैदानावर मुलींचा सॉफ्टबॉल चालू होता. त्यातली कॅचर म्हणजे तिथली कीपरच. मास्कमागून ती जपानीत सगळं मैदान हलवत होती. एकीला मागे धाड, दुसरीला डावीकडे ओढ, पिचरची टर उडव. मुली हसत होत्या आणि जागा बदलत होत्या. इनिंग संपली, मास्क निघाला. रेवा.

तसाच माघारी गेलो.

“निखिल, रेवाबद्दल मी चुकीचं लिहिलं.”

“काका, आत्ता? मॅच चालू आहे!”

“ती शांत नाही. माझ्यासमोर शांत होती.”

त्यानं कपाळाला हात लावला. “बरं, मग? पुढच्या सीझनला घेऊ. पण ती यायला नको का? तुम्हीच विचारा.”

पुढच्या रविवारी तिला सॉफ्टबॉलच्या मैदानावर गाठून विचारलं. “रेवा, चूक माझी होती. क्लबला तसं लेखी कळवलंय. परत येशील?”

तिनं टोपी काढली, किंचित वाकली. “बघते, आजोबा.”

इथे वाढलेल्या मुलीचं ‘बघते’ म्हणजे ‘नाही’. एवढं जपान मलाही कळतं.

मैत्रिणींनी जपानीत काहीतरी विचारलं. रेवानं मोठ्यानं उत्तर दिलं आणि सगळ्या खिदळल्या. मला एकही शब्द कळला नाही.

प्रश्नावलीवर नाव, वय, खेळ लिहायला जागा असते. चाचणी कोणत्या भाषेत घेतली आणि समोर कोण बसलं होतं, हे लिहायला नसते. हल्ली मी रेघ मारून ती जागा करतो. आणि सही करण्याआधी एक मॅच बघतो.