राळ, राक्षस आणि एक मेलेला उंदीर

आमच्या नाटक कंपनीतला राक्षस एका खेळात तीन-तीनदा मरायचा. देवाने छातीत भाला खुपसला की तो दाणकन आडवा व्हायचा, पुढे बसलेले पैलवान "वन्स मोअर" म्हणून गर्जायचे, आणि मेलेला राक्षस मिशी सारखी करत उठून पुन्हा मरायला उभा राहायचा. महाराजांच्या राज्यात कुस्तीला आणि नाटकाला सारखाच मान, त्यामुळे पैलवानांना गप्प बसवायची कुणाची छाती नव्हती. माझे काम हिलालावर, म्हणजे पेटत्या मशालीवर, राळेची पूड फेकायचे. पूड पडली की भडका उठायचा आणि त्यातून राक्षस आरोळी ठोकत यायचा. सहा-सात वर्षे मी हेच केले.

नव्या हंगामाला मालकांनी तोच खेळ पुन्हा बसवायला घेतला. राक्षसाचे दात बोटभर वाढवायचे आणि राळ दुप्पट करायची, एवढाच काय तो नवेपणा. माझे डोके फिरले.

"मालक, पोरं बी हसत्यात त्याला," मी म्हणालो. "ज्याला लोक वन्स मोअर देत्यात, त्याला कोण भ्यालंय व्हय? काय तरी नवं करूया की."

मालक तोंडाने फटकळ, मनाने मोकळे. म्हणाले, "मग तू भिववून दाखव की. शेवटच्या फार्साची जागा देतो तुला, एक खेळ. वन्स मोअर न्हाय आला, तर जन्मभर गुमान राळ फेकायची. परत तोंड उघडायचं न्हाय."

माझा तर सगळा बेतच वन्स मोअर येऊ नये असा होता. तरी मी हो म्हणालो. एकदा डोक्यात घेतले की मी कुणाचे ऐकत नाही, स्वतःचेसुद्धा.

काय करायचे ते मला ठाऊक होते. मी नऊ-दहा वर्षांचा असताना गावात प्लेग आला. घरात मेलेला उंदीर सापडला की घर सोडून कळंब्याच्या वाटेवर झोपडीत जाऊन राहायचे, अशी रीत पडली होती. एका दुपारी आई गहू पाखडत होती आणि मी फडताळामागे लपलो होतो. आढ्यावरून उंदीर पडला. आईने इकडेतिकडे पाहिले, उंदीर सुपात घेतला आणि चुलीच्या राखेत पुरला. चार दिवसांनी ताईला बघायला हातकणंगल्याहून पाहुणे येणार होते. उंदराची बातमी फुटली असती तर ते अर्ध्या वाटेवरून परत फिरले असते. पाहुणे आलेच नाहीत, कारण त्याआधी ताईच प्लेगने गेली. मी पाहिले होते हे आईला माहीत नव्हते, आणि आम्ही दोघांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही.

काळ्या फडक्याचा उंदीर मी स्वतः शिवला. आधी कोंडा भरला, तर तो कापसासारखा पडला. मग ओली वाळू भरली, तेव्हा मला आठवत होता तो आवाज आला. तीस-चाळीस वेळा तरी मी तो वरून टाकून पाहिला. आई कंपनीचा एकही खेळ चुकवायची नाही. तिला या खेळाला येऊ नको म्हणावे, असे दोनदा मनात आले. म्हणालो नाही. तिला थोडे दुखवायचे होते मला, हे आज कबूल करतो.

पडदा उघडला. आमचा स्त्रीपार्टी नट गहू पाखडत बसलेला. फार्स म्हणून लोक आधीच हसायला लागले. आतून मुलीचा आवाज आला, "आई, पावणं कधी येणार गं?" तेवढ्यात उंदीर पडला. हसू जागच्या जागी थांबले. बाईने इकडेतिकडे पाहिले, उंदीर सुपात घेतला, राखेत पुरला आणि म्हणाली, "येतील गं. तू वेणी घाल." पडदा. कुणी टाळी वाजवली नाही. पैलवान खाली बघत उठले आणि जोडे शोधायला लागले.

"वन्स मोअर आला न्हाय," मालक म्हणाले. तेही पैलवानांसारखे खाली बघत होते, पण शब्द म्हणजे शब्द. खेळ बंद झाला. मी जिंकलो होतो आणि माझ्या हाती पुन्हा राळच आली होती.

सकाळी आई म्हशीची धार काढत होती. वर न बघताच म्हणाली, "तू बघितलंवतंस व्हय?"

"व्हय."

"कधी बोलला न्हाईस."

"तू बी न्हाईस."

धार थांबली. ती म्हशीच्या पोटाला डोके टेकून बसली. मला माझीच लाज वाटली. मग तिने विचारले, "परत लावणार हाईस?"

"न्हाय. मालकांनी बंद केलंय."

"एकदा लाव," आई म्हणाली. "त्या बाईला उंदीर पुरू दिऊ नको. लेकीला घिऊन भायेर पळू दे तिला."

मी तसाच उठून मालकांकडे गेलो. तोंड उघडायचे नाही असे ठरले होते, ते उघडले. "मला वन्स मोअर मिळालाय," मी म्हणालो. कुणाचा, तेही सांगितले आणि फडताळामागून पाहिलेलेही सांगितले. मालकांनी पान लावायला घेतले होते, ते खाली ठेवले. म्हणाले, "बसव."

पुढच्या खेळात उंदीर पडला तशी बाईने सूप टाकले, आत जाऊन लेकीचा हात धरला आणि तिला ओढत दाराबाहेर धावली. मी विंगेतून बायकांच्या जागेकडे पाहिले. आई उभी राहून बघत होती. पडदा पडला, लोक उठून जायला लागले, तरी ती बसली नाही आणि पडद्याआड गेलेल्या त्या दारावरची नजरही तिने काढली नाही.