तीन डोळ्यावाल्यांची भाषा

भोकरच्या बसस्टँडमागं खाजामियाँचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. आता तिथं टीव्ही कमी, रिमोट आणि चार्जरच जास्त. पण एके काळी रविवारी सकाळी त्या दुकानापुढं सायकल टेकवायला जागा मिळायची नाही.

टीव्हीवर एक परदेशी मालिका लागायची. आभाळात फिरणारं जहाज, त्यावर एक कप्तान, दर आठवड्याला नवा ग्रह आणि नवी लढाई. बोलणं सगळं इंग्रजीत. मग खाजामियाँ टीव्हीचा आवाज बंद करायचे, शेजारी स्टुलावर चढायचे आणि हातातला टेस्टर माईकसारखा धरून सगळ्यांची बोलणी स्वतःच बोलायचे.

कप्तान पक्का भोकरचा. "अबे ए तीन डोळ्याच्या, लई झालं तुझं! जहाजाला हात लावून तर बघ!"

आणि शत्रू, ती तीन डोळ्यांची माणसं, थेट पुण्याची. "आपण कृपया शरण यावे. अन्यथा आपणास भस्म करण्याची तसदी आम्हास घ्यावी लागेल."

लोक पोट धरून हसायचे.

एकदा एका ग्रहाचा राजा दिसला, जो लढाई संपूच देत नव्हता. तेव्हा आखातात खरंच युद्ध पेटलं होतं. गल्लीतला मुज्तबा कुवेतला अडकला होता. आणि भोकरात नळाला पाणी नव्हतं, टँकर मात्र रात्रीतून कुणाकुणाच्या मळ्यात रिकामे होत होते. खाजामियाँनी राजाच्या तोंडी घातलं, "लढाई थांबली तर लोक पाणी मागतील. पेटू द्या!"

मग मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळा रस्ता टाळ्यांनी दणाणला.

संध्याकाळी मळेवाल्या पुढाऱ्याचा माणूस आला. "मियाँ, कुणाला बोलून राहिले?"

"मी कुठं कुणाचं नाव घेतलं? ते तर तीन डोळ्यावाले."

बाकड्यावर शेषेराव चहा पीत बसले होते. जवळच्या खेड्यातले शेतकरी, खाजामियाँच्या रोजच्या चहाचे सोबती. ते कपबशी ठेवून उठले. "तुझ्या सायबाला तीन डोळे हायत का रे? न्हाईत ना? मंग चल, लाग वाटेला."

तेव्हापासून त्या बाकड्याचं ते टोक शेषेरावांचं. तिथं दुसरं कुणी बसलं तर खाजामियाँ उठवायचे.

यंदा सीमेवर तोफा सुरू झाल्या. दुरुस्तीला आलेल्या टीव्हींवर दिवसभर भोंगे वाजू लागले. निवेदक असे ओरडायचे, जसं काही विमान तेच चालवून राहिले. गिऱ्हाईक येत होतं, पण बोलत नव्हतं. रिमोट घ्यायचं आणि निघायचं.

अशात एका सकाळी शेषेरावांचा हरिओम आला. चौकातल्या मंडळाचा अध्यक्ष. वडील, त्याचे अण्णा, बाकड्यावर होतेच.

"खाजाचाचा, जवानांसाठी कार्यक्रम ठेवलाय. ती तुमची जहाजवाली मालिका मोबाईलवर घावली. मोठ्या पडद्यावर लावतो. तुम्ही बोलायचं, पहिल्यासारखं!"

खाजामियाँचा चेहरा उजळला. "अरे, आवाज बसला आता माझा. कप्तान म्हातारा वाटंल."

"वाटू द्या. फक्त एक करा. ते तीन डोळ्यावाले हायत ना, त्यांना जरा उर्दूत बोलवा. सलाम-बिलाम टाका."

खाजामियाँनी तारा डागायचं सोल्डरिंगचं हत्यार खटकन खाली ठेवलं. "कामून?"

"लोकांना पटकन कळतं."

"काय कळतं?"

हरिओम हसला. "चाचा, आपण कुठं कुणाचं नाव घेऊन राहिलो? तुम्हीच म्हणायचे ना तसं? अण्णांनी सांगितलंय मला."

खाजामियाँनी शेषेरावांकडं पाहिलं. शेषेराव बशीतल्या चहावर फुंकर घालत होते. चहा कधीच निवला होता.

"पोरं हायत, खाजा," ते म्हणाले. "खेळ हाय. एवढं काय मनाला लावून घेतो?"

"आन न्हाई म्हणलो तर?"

हरिओमनं खांदे उडवले. "म्हणा की. पण दिवस कसे हायत, लोक काय म्हणतील, तुम्हीच बघा."

घरी साबेराबींना त्यांनी एवढंच सांगितलं, की चौकात बोलायचंय. त्या हरखल्या. चौक घरापासून दोन गल्ल्यांवर. कर्ण्याचा आवाज अंगणात बसून ऐकू येणार होता.

दिवेलागणीला चौक माणसांनी भरला. खाजामियाँ माईकपुढं उभे राहिले. पडद्यावर जहाज आलं, कप्तान आला. "अबे ए!" म्हणताच जुन्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. बसलेला आवाज आपोआप मोकळा झाला.

मग तीन डोळ्यांचा सरदार पडद्यावर आला. त्याचे ओठ हलू लागले. चौक वाट बघू लागला.

"आपण कृपया शरण यावे," ते म्हणाले. "अन्यथा आपणास..."

कुणी हसलं नाही.

"उर्दू, चाचा, उर्दू!" मागून आवाज आला. दुसरा म्हणाला, "त्यायचाच कैवार घेतो का बे म्हातारा?"

हरिओमनं हळूच माईक काढून घेतला. "चाचा दमलेत. टाळ्या वाजवा चाचांसाठी! आता आपला सत्यम."

सत्यम मंडळाचा नकलाकार. खाजामियाँ पायऱ्या उतरत होते तेव्हाच कर्ण्यातून त्यांचाच आवाज आला. होकाराचा त्यांचा ओढून म्हटलेला "हाव", वाक्यामधला त्यांचा खोकला, त्यांचं घोगरं हसू. "सलाम वालेकुम, कप्तानमियाँ! हाव, हमीच हैं दगाबाज! हाव!"

चौक हशानं फुटला. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर शेषेराव उपरणं तोंडाला लावून हसत होते. त्यांची नजर खाजामियाँवर गेली, पण हसू काही त्यांना आवरलं नाही.

खाजामियाँ गल्लीनं चालत राहिले. भिंतीभिंतीवरून त्यांचा आवाज त्यांच्या पुढं धावत होता.

साबेराबी अंगणात बाजेवर बसल्या होत्या, मान कलती, पदराआड हसू. दारात सावली पडली तशी त्यांनी वर पाहिलं. चौकातून पुन्हा खोकला आला, पुन्हा हशा.

"तुम यां?" त्या दचकून उठल्या. "तो फिर वां कौन बोलरा?"

खाजामियाँनी सांगायला तोंड उघडलं. आणि आतून कुठला आवाज बाहेर येईल, याची त्यांना भीती वाटली. त्यांनी तोंड मिटलं, कडी लावली आणि हातानंच पाणी मागितलं.