बटण दिसतंय, दबत नाही

सकाळी दहाला मी साकीनाक्याच्या ऑफिसात पोचले, तेव्हा रिपोर्टमध्ये एक टेस्ट लाल होती, म्हणजे फेल. तीच. सलग अकराव्या दिवशी.

आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी अपॉइंटमेंटच्या वेबसाइट बनवते. त्या नीट चालतात का, हे तपासणाऱ्या स्क्रिप्ट मी लिहिते. स्क्रिप्ट स्वतःच ब्राउजर उघडते, पेशंटचं नाव टाकते, तारीख निवडते, 'कन्फर्म' दाबते आणि ब्राउजर बंद करते. फेल झाली तरी बंद करते. जाताजाता स्क्रीनचा एक फोटो तेवढा ठेवते.

फोटोत सगळं ठीकठाक होतं. नाव, तारीख, 'कन्फर्म'चं हिरवं बटण. अशा टेस्टवर आमच्याकडे एकच औषध, परत लाव. दुसऱ्यांदा ती फास्ट मशीनवर जायची, पास व्हायची आणि आम्ही चहाला जायचो. मीही जायचे. बावीस वर्षं नोकरी केल्यावर प्रत्येक लाल रंगाशी भांडायचा कंटाळा येतो.

"सुजाता, ती टेस्ट काढून टाक ना यार," मॅनेजर निखिल म्हणाला. तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. "जुनं मशीन स्लो आहे, म्हणून पडते. शुक्रवारी क्लायंटला रिपोर्ट दाखवायचाय."

"दुपारी काढते."

काढणारच होते. तेवढ्यात दहिसरहून पप्पांचा फोन आला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचा डोळा लाल झाला होता आणि दाखवायला तारीख मिळत नव्हती. त्यांच्या हॉस्पिटलची वेबसाइट आमचीच.

"अगं, बटण दिसतंय, पण दबत नाही."

"परत करून बघा, पप्पा. नीट दाबत नसाल तुम्ही."

हे मी त्यांना आठवडाभर सांगत होते. "बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग समोरचा फोटो पाहिला. बटण दिसत होतं.

स्क्रिप्टमधली ब्राउजर बंद करणारी ओळ मी काढली आणि टेस्ट जुन्या मशीनवर लावली. पडली. पण या वेळी पान उघडंच राहिलं. मी स्वतः माऊसने कन्फर्म दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. खाली सरकत गेले तर पार तळाशी एक चौकट होती, 'आमची सेवा कशी वाटली?' आणि पाच तारे.

पान उघडल्यावर मिनिटभराने ही चौकट यायची आणि अख्ख्या पानावर न दिसणारा पडदा टाकायची. जुन्या मशीनच्या किंवा मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर ती स्वतः खाली लपायची. फास्ट मशीन वीस सेकंदांत काम उरकायचं. अडकायचं ते जुनं मशीन, आणि मोबाईलवर एकेक अक्षर शोधणारी म्हातारी माणसं.

निखिलने येऊन बटण दाबून पाहिलं.

"वाट लागली. हा पॉपअप मीच टाकायला सांगितला होता."

"कधी?"

"झाले अकरा-बारा दिवस."

अर्ध्या तासात पॉपअप निघाला. मी पप्पांना फोन लावला.

"आता करून बघा, होईल."

"राहू दे गं. मघाशी फोन ठेवला आणि निघालोच. हॉस्पिटलात लाइनीत उभा आहे. बारावा नंबर."

मला फार लाज वाटली. त्यांना मात्र ते सांगितलं नाही, फक्त रिक्षा पकडून तिकडे गेले. डोळ्यात इन्फेक्शन होतं. आठवड्यापूर्वी आला असतात तर थेंबांवर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता इंजेक्शनं घ्यावी लागली. डोळा वाचला, पण त्या डोळ्याने पेपर वाचता येत नाही.

ती टेस्ट अजून आहे, जुन्या मशीनवरच. पडली की ब्राउजर उघडा राहतो. आणि पप्पांचा फोन आला की मी आधी विचारते, समोर काय दिसतंय.