वाकड्या पान्याचा दसरा

मला राग यायला फार मोठं कारण लागत नाही. चहात साखर जास्त पडली तरी पुरतं. पण त्या दसऱ्याच्या सकाळी कारण चांगलं वीतभर लांब होतं, पोलादी होतं आणि जागेवर नव्हतं.

आमची विमान चालवायला शिकवणारी शाळा सोलापूरच्या बाहेर माळावर आहे. शाळा म्हटलं की लोकांना काचेची इमारत दिसते. आमच्याकडे पत्र्याचं हँगर, दारात एक लिंब आणि दोन विमानं. त्यातल्या एकाचे पंख काढून ते कोपऱ्यात उभं केलेलं, म्हणजे उडणारं एकच. त्या एकाच्या इंजिनाची देखभाल माझ्याकडे. माझी सही झाल्याशिवाय ते जमीन सोडत नाही. आई शेजारीपाजारी सांगते, ‘मुलगा विमानात असतो.’ मी विमानाखाली असतो, बहुतेक वेळा पाठीवर.

हँगरच्या भिंतीवर हत्यारांचा फळा आहे. प्रत्येक पान्याची, पकडीची, स्क्रूड्रायव्हरची पांढऱ्या रंगात काढलेली आकृती आणि तिच्यावर टांगलेलं ते ते हत्यार. काम संपलं की फळ्याकडे बघायचं. कुठे पांढरं दिसलं, तर एक हत्यार बाहेर आहे. आणि बाहेर म्हणजे कदाचित इंजिनात आहे. ते सापडेपर्यंत विमान हलणार नाही. हा नियम जगभर असतो, पण आमच्याकडे तो माझ्या आवाजात असतो.

‘विमानाचं इंजिन म्हणजे काय हो, मोठी स्कूटरच की,’ असं म्हणणारे लोक मला नेहमी भेटतात आणि मी दरवेळी चिडतो. ते फारसं चुकीचं बोलत नाहीत, म्हणून जास्तच चिडतो. आमच्या इंजिनात चार सिलिंडर. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, भांडलेल्या जावांसारखे एकमेकांकडे पाठ करून बसलेले. मधला दांडा मात्र सगळ्यांनी मिळून फिरवायचा. पेट्रोल आणि हवा आत घ्यायची, दाबायची, ठिणगी टाकायची, धक्का घ्यायचा, धूर बाहेर. स्कूटरचंच. फरक एवढाच, की प्रत्येक सिलिंडरला प्लग दोन, आणि ठिणगी पाडणारे मॅग्नेटोही दोन. बॅटरी मेली तरी दांडा फिरतोय तोवर ते ठिणगी पाडतात. एक मॅग्नेटो रुसला, तर दुसरा घरी आणतो. पण सगळंच काही दोन-दोन नसतं. इंजिनाचा जोर कमी-जास्त करायला पायलटच्या हातातून कार्ब्युरेटरपर्यंत जाणारी तार एकच असते. इंजिनावरच्या झाकणाखाली विसरलेला पाना प्रत्येक हादऱ्याने सरकत राहतो, आणि ज्या दिवशी तो त्या तारेच्या टोकाशी अडकून बसतो, त्या दिवशी पायलट ओढतो ते येत नाही आणि ढकलतो ते जात नाही. वळसंगच्या फाट्यावर स्कूटर बंद पडली तर समोर चहाची टपरी असते.

तर, खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण हत्यारांची पूजा करतो, आणि आमच्याएवढी हत्यारं कुणाकडे आहेत? दुपारपर्यंत मी आणि आमचे मेकॅनिक इंजिनाची ठरलेली तपासणी करत होतो. मेकॅनिक सोलापूरच्या पूर्व भागातल्या, यंत्रमाग चालवणाऱ्या घरातले, वयाने माझ्याएवढेच, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. काम उरकलं तेव्हा खाली चादर अंथरून झालेली होती, झेंडूचा ढीग तयार होता, भटजी घड्याळ बघत होते. त्यामुळे हत्यारं फळ्यावर न जाता विमानाखालून थेट चादरीवर गेली. मी तिथेच उभा होतो, आणि मी कशावर ओरडत होतो? तर झेंडूच्या माळेवर. आदल्या वर्षी कुणीतरी इंजिनात हवा जाते त्या तोंडावर माळ घातली होती आणि पाकळ्या थेट फिल्टरपर्यंत गेल्या होत्या. नारळ प्रोपेलरवर फोडायचा नाही यावरही भटजींशी माझं वाजलं. मी इतका सावध होतो की काय सांगू.

पूजा झालेल्या हत्यारांना दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो. म्हणून ती रात्रभर चादरीवरच राहिली, आणि सकाळी आम्ही एकेक करून फळ्यावर टांगू लागलो. सगळी संपली. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक पांढरी वाकडी आकृती तशीच उरली.

तो एक्झॉस्टच्या नटांचा वाकडा पाना. तिथे सरळ पाना पोचतच नाही, म्हणून मुद्दाम वाकवलेला असतो. आदल्या दिवशी तो इंजिनात वापरला होता, आणि आता नव्हता.

आणि हे नेमकं त्या सकाळी, जेव्हा लिंबाखाली मंगळवेढ्याकडून आलेली जीप उभी होती. आमच्या एका विद्यार्थिनीचं त्या दिवशी पहिलं सोलो होतं. म्हणजे शेजारी शिक्षक नाही, एकटीने उडायचं. घरची मेंढपाळी. वडील, आई, दोन काका, आजी आणि आपट्याच्या पानांनी भरलेली पिशवी. दसरा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला एक. वेगळा मुहूर्त बघायला नको म्हणून वडिलांनीच हा दिवस मागून घेतला होता. मुलगी पांढरा शर्ट घालून तयार. त्या शर्टाला इस्त्री इतकी कडक होती, की तिच्याकडे बघूनच मला घाम फुटला.

मी पहिल्यांदा सगळ्यांचे खिसे उलटे करायला लावले. अण्णांचे, सफाईवाल्याचे, वॉचमनचे. न्यायाने वागायचं म्हणून सगळ्यांच्या आधी स्वतःचे उलटे करून दाखवले. रिकामे. धुतलेली, परीटघडीची कामाची डांगरी घातली होती मी. आजही ते खिसे आठवले की माझे कान तापतात.

मग इंजिनावरचं वरचं झाकण काढलं, खालचं काढलं. सिलिंडरांच्या मधून वारा खेळवणारे पत्रे सोडवले. तळाच्या खोबणीत आरसा घालून बघितलं. शेवटी प्लग काढून सिलिंडरच्या आत टॉर्च मारली. प्लगच्या भोकातून तो पाना जाणं शक्यच नव्हतं. अण्णा म्हणाले, “सर, तिथून करंगळी जाते. पाना कसा जाईल?” मी म्हणालो, तुमचं काम शोधायचं, अक्कल शिकवायची नाही. आदल्या दिवशी शेवटचा हात तुमचाच होता, हेही मी त्यांना ऐकवलं, तेही सगळ्यांसमोर. तेव्हा त्यांनी हातातलं फडकं नीट घडी घालून ठेवलं आणि बाहेर जाऊन लिंबाखाली उभे राहिले.

तेवढ्यात शाळेचे मालक आले. रेशमी झब्बा, कपाळाला गंध, हातात पेढे. सगळा प्रकार ऐकून घेतला, आणि म्हणाले की पूजेच्या गडबडीत कुणीतरी उचलला असेल.

“असेल म्हणून विमान उडवायचं का?” मी म्हणालो.

“अहो, तुम्ही स्वतःच सगळं उघडून बघितलंत ना? नाहीये ना आत? झाकणं लावा, सही करा. बाकीचं मी बघतो.”

“काय बघणार? ती वर गेल्यावर खालून?”

मग ते माझ्या बायकोच्या माहेरापासून माझ्या स्वभावापर्यंत सगळीकडे जाऊन आले. मी नियमाचा नाही, हट्टाचा माणूस आहे, असं त्यांचं मत पडलं. हे मत आमच्या घरातही बहुमताचं आहे, म्हणून ते जास्त झोंबलं. शेवटी त्यांनी मुलीलाच विचारलं, तुला भीती वाटते का? ती म्हणाली, “भीती नाही सर. पण यांची सही नाही ना.” आणि ‘यांची’ म्हणताना माझ्याकडे असं बघितलं, की त्यापेक्षा शिवी परवडली असती.

मग वडील उठून आले. धोतर, पांढरं मुंडासं, आवाज अगदी खालचा.

“सायेब, एक इचारू का? आमचं येक मेंढरू हरवलं तर येक गडी हुडकाय जातो. बाकीची चरतात की. तुमी समदी गावजत्रा उपाशी का ठिवलीया?”

मला वाटलं होतं, मेंढरं मोजणारा माणूस तरी माझी बाजू घेईल. मी म्हणालो, “दादा, हरवलेलं मेंढरू उरलेल्यांच्या पोटात शिरत नाही.”

“आमच्या कळपात न्हाय शिरत. तुमच्यात लईच येडी दिसत्यात,” ते म्हणाले आणि परत जाऊन बसले. काका हसले. अण्णाही हसले, ते मी बघितलं.

सकाळ गेली. इंजिन उघडं, आतडी बाहेर काढल्यासारखं. दुपार चढली, पत्रा तापला. ‘दुपारपर्यंत उडवू’ म्हणणारे मालक दुपार झाल्यावर केबिनमध्ये गेले. लिंबाखाली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सुटली. मला कुणी ‘या जेवायला’ म्हटलं नाही. सणाच्या दिवशी, या जिल्ह्यात, जेवायला न बोलावणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही.

आईचे फोनवर फोन येत होते. शेवटी तणतणत घरी गेलो. जेवतानाही माझं तोंड चालू होतं. पुरण पातळ आहे, पंखा हळू आहे, आणि हँगरात चोर भरलेत. आई वाढत होती. मग देवघराकडे हात करून म्हणाली, “सोनं लुटायला जायच्या आधी तुझं शस्त्र उचल बाबा. या वर्षी खरं आणलंस, बरं वाटलं.”

मागच्या वर्षी घरच्या पूजेसाठी मी बाजारातून नवाकोरा स्क्रूड्रायव्हर आणला होता. देवाला फसवतोस का, वापरातलं हत्यार ठेवायचं असतं, म्हणून तेव्हा तिने मला झापलं होतं. या वर्षी मी विसरलोच होतो. पण खंडेनवमीला संध्याकाळी डांगरी धुवायला टाकताना तिला मांडीवरच्या खिशात काहीतरी जड लागलं. मुलगा न सांगता घेऊन आला, म्हणून ती हरखली. माझ्या वडिलांचं बंद पडलेलं पेन, बायकोची शिवणकामाची कात्री, आणि मधोमध वाकडा पाना, असं तिने पाटावर मांडलं आणि वर झेंडू रचला.

आरतीला मी हजर होतो. एका हातात फोन होता, पण डोळे मिटून, वाकून नमस्कार केला होता. ज्याच्यासाठी मी सकाळी सगळ्यांचे खिसे उलटे केले, त्याच्या पाया पडून मी पुरणपोळी खाल्ली होती.

परत जाताना मोटारसायकलवर मला एक सुंदर कल्पना सुचली. इंजिनात सापडला म्हणायचं. तळाच्या खोबणीत, तारेला लागून. मालकांची बोलती कायमची बंद. मेंढरवाले दादा हात जोडतील. अण्णांवर येईल खरं, पण त्यांना मी समजावलं असतं. हँगरच्या अलीकडे थांबलो आणि रुमालाने पाना पुसायला घेतला. आईचं कुंकू. पान्याच्या खाचांमध्ये इंजिनाचं तेल मुरलेलं असतं. त्यात ते कालवून बसलं होतं. थुंकी लावली, पेट्रोल लावलं. हळद गेली, कुंकू काही निघेना. मी हँगरात जाऊन खरं बोललो, ते एवढ्यामुळेच.

मालक इतके हसले, की त्यांना टेकायला खुर्ची लागली. सगळ्यांना बोलावून सांगत सुटले. “बघितलंत? काही नव्हतं. सकाळपासून सांगतोय, काही नव्हतं.”

तिथे मात्र माझा ओशाळलेपणा संपला आणि सकाळचा राग जसाच्या तसा परत आला. “काही नव्हतं हे आत्ता कळलंय,” मी म्हणालो. “सकाळी तुम्हालाही माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मी गाढव आहे, कबूल. पण गाढवाच्या घरी पाना सापडला म्हणून सकाळी सही केली असती, तर ती बरोबर ठरली नसती.” ते हसतच राहिले. ते अजूनही पाहुण्यांना ही गोष्ट सांगतात, आणि दरवेळी तिचं तात्पर्य चुकवतात. त्याचा मला अजून राग आहे.

अण्णांना मी सगळ्यांसमोर सांगितलं, की माझं चुकलं. ते म्हणाले, “झाकणं लावायची ना?” एवढंच. मेंढरवाल्या दादांनी पाना हातात घेऊन उलटापालटा केला, कुंकवावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “आता मुक्कामच करतो. दसरा तर तुमच्या आईनं खाल्ला.” आणि जीपमधून पिशवी काढून एक आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं. रागानेच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्त कसलाच नव्हता. इंजिन जोडून, चालवून, दोन्ही मॅग्नेटो एकेक करून बंद करून बघितले, आवाज साफ होता. मी सहीसाठी पेन काढलं. मुलगी विमानाकडे गेली नाही. आधी तिने फळ्यापाशी जाऊन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघितलं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. अजून चिडलेलीच होती.

“सर, खिसे.”

तिच्या आजीपासून वॉचमनपर्यंत सगळे बघत होते. मी वरचे दोन्ही खिसे उलटे केले, मग मांडीवरचे. एक पेन, एक रुमाल, एक आपट्याचं पान. तिने मान हलवली. मग मी सही केली.

विमान धावपट्टी सोडून लिंबाच्या वर आलं, तेव्हा माझे खिसे तसेच बाहेर लोंबत होते.