ओके आलं, साहेब

सादिकभाईंबद्दल लिही म्हणून मला कोणी सांगितलेलं नाही. न लिहिता माझं बरं चाललं होतं. पण माझा स्वभाव तापट. दुसऱ्याची चूक दिसली की भर बाजारात बोलून मोकळा होतो, आणि स्वतःची म्हटली की दातखीळ बसते. ती एकदाची उघडावी म्हणून हा खटाटोप.

मी गुणवंत बोरकुटे. चंद्रपूरला जंगलाचे नकाशे कॉम्प्युटरवर काढणारं एक छोटं सरकारी ऑफिस होतं, तिथे मी ऑपरेटर होतो. ते ऑफिस आता बंद झालं, तेव्हा त्याचं नाव राहू द्या. सादिकभाई तिथे जनरेटर चालवायला होते. रोजंदारीवर. मूळचे आरमोरीचे. तिथल्या एका राईस मिलमध्ये बारा वर्षं डिझेल इंजिनवर काढली. मग मिलमध्ये विजेची मोटर आली, इंजिन भंगारात गेलं आणि इंजिनमागे हेही घरी बसले. बायको जमीलाबाई बांगड्यांचं दुकान चालवायची, ती आरमोरीलाच राहिली. हे चंद्रपूरला खोली करून राहायचे आणि पंधरा दिवसांनी एकदा घरी जायचे.

माणूस काटकुळा, बोलायला कमी, पण कान काय विचारता! जनरेटरचा आवाज जरासा बदलला की जेवत्या ताटावरून उठायचे. डिझेलमध्ये पानी हाये, म्हणायचे, आणि खरंच असायचं. मी एकदोनदा पैज लावून हरलो, मग नाद सोडला.

ऑफिसात एक वर्कस्टेशन होतं. घरोघरी असतो तसला कॉम्प्युटर नव्हे. अख्ख्या गडचिरोलीचं जंगल पोटात घेणारं परदेशी यंत्र. ते सुरू करायचा ठरलेला क्रम होता. आधी स्क्रीन, मग डिस्कचा डबा, शेवटी मशीन. बंद करताना उलटं: मशीन, डबा, स्क्रीन. मी दहाला डुलत येणार म्हणून सकाळी ते सुरू करून ठेवायचं काम मी सादिकभाईंच्या गळ्यात मारलं होतं. त्यांनी ते काम नमाजासारखं पाळलं. चार वर्षांत एकदाही क्रम चुकला नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, लक्षात ठेवा.

स्क्रीनवर सकाळी भराभर ओळी यायच्या आणि हे समोर उभे राहून त्या बघायचे. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षरांच्या आकारावरून ओळ ओळखायचे. एक दिवस मला विचारलं, "भाऊ, आमच्या इंजिनले हँडल माराले मानूस लागे. याले कोन मारते?"

मला हसू आलं. पण सांगायला बसलो तेव्हा कळलं की प्रश्न चांगलाच होता. मी सांगितलं की आत एक चिप असते. तिच्यात कारखान्यातूनच एक छोटासा प्रोग्राम कोरून आलेला असतो. करंट आला की सगळ्यात आधी तो उठतो. मेमरी तपासतो, कीबोर्ड लागलाय का बघतो. मग स्वतःची वही उघडतो. वही म्हणजे एक इवलीशी मेमरी, लाईट गेली तरी आपल्या बॅटरीवर जागी राहणारी. तिच्यात लिहिलेलं असतं की कोणत्या डिस्ककडे जायचं, आणि आपण होऊन जायचं की कोणी सांगेपर्यंत थांबायचं. मग तो डिस्कच्या सुरुवातीचा एक लहान प्रोग्राम उचलतो, आणि तो लहाना मोठ्या सिस्टिमला उठवून आणतो. मग कुठे आपण नाव टाकायचं आणि कामाला बसायचं.

सादिकभाईंनी जरा विचार केला. म्हणाले, म्हणजे पहिले हँडल, मंग चाक, मंग पट्टा, आन् पट्टा चढला की गिरणी. मी बघतच राहिलो. हेच मला यंत्राचं पुस्तक तीनदा वाचून समजलं होतं.

नव्याण्णव सालची गोष्ट. नागपूरहून वरचे साहेब ऑफिस बघायला येणार होते. काम पसंत पडलं तर दोन रोजंदार कायम होणार होते, आणि त्या दोघांत पहिलं नाव सादिकभाईंचं होतं. सेहेचाळिसाव्या वर्षी कायमची नोकरी. जमीलाबाईंनी त्या दिवसासाठी नवा सदरा शिवून पाठवला होता. तो त्यांनी मला दोनदा दाखवला, आणि दुसऱ्यांदा मी नीट पाहिलाही नाही.

भेट सोमवारी होती. रविवारी महाशिवरात्र. शनिवारी दुपारी हाताला काम नव्हतं, म्हणून मी यंत्राचं पुस्तक काढलं. त्यात त्या वहीत कसं लिहायचं ते दिलं होतं. माझ्या हाताला खाज. लिहिलं: आपण होऊन सुरू होऊ नको, थांब. बंद करून परत सुरू केलं, तर यंत्र खरंच अर्ध्यावर थांबलं. स्क्रीनवर ओ आणि के अशी दोनच बारकी अक्षरं, आणि पुढे कर्सर. वा रे गुणवंता! लाखाचं यंत्र तुझ्या हुकुमाची वाट बघत उभं! मी खुर्चीत रेलून बसलो. परत होतं तसं करून ठेवायला अर्धं मिनिट लागलं असतं.

तेवढ्यात घड्याळ दिसलं. मार्कंड्याच्या जत्रेला जायचं होतं, आणि बायको भागीरथा पिशव्या घेऊन बसस्टँडवर उभी होती. मी उठलो. सादिकभाईंनी स्क्रीनकडे बोट करून विचारलं, हे काय लिहून आलं? मी चप्पल घालता घालता म्हणालो, "ओके म्हणजे सगळं बरोबर. बंद करून टाका." आणि पळालो.

रविवारी संध्याकाळी परत यायचं ठरलेलं. पण सासुरवाडी चामोर्शीची, तिथे मुक्काम झाला. सोमवारी सकाळची बस उशिरा सुटली आणि मी ऑफिसात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. सादिकभाईंनी साडेआठला क्रमानं यंत्र सुरू केलं. यंत्र ओकेवर थांबलं. मी शिकवल्याप्रमाणे यांना वाटलं, सगळं बरोबर. दहाला पाहुणे यंत्रासमोर बसले. आमच्या साहेबांना यातलं काही कळत नव्हतं. ते विचारायचे, सुरू झालं का? आणि सादिकभाई नव्या सदऱ्यात हात जोडून सांगायचे, "ओके आलं, साहेब." तीन वेळा विचारलं, तीन वेळा हेच उत्तर. पाहुण्यांपैकी एकजण फिस्सकन हसला. पाऊण तास वाट पाहून ते चिमूरच्या कामाला निघून गेले.

मी आत शिरलो, स्क्रीन पाहिली. एका नजरेत सगळं समजलं. साहेब लाल झाले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "याला हात कोणी लावला होता?"

खरं सांगायला किती वेळ लागतो? पण माझं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "शनिवारी बंद सादिकभाईंनी केलं होतं, सर. क्रम चुकला असेल. त्यानं यंत्राची आठवण पुसली जाते."

पहिलं वाक्य खरं होतं. त्याच्या आडोशाला बाकीचं खोटं मी लपवलं. आजही ते आठवलं की तोंड कडू होतं.

सादिकभाई हळूच म्हणाले, "मी पहिले मशीनच बंद केली वाट्टे, भाऊ."

"वाट्टे का नक्की?" मी मोठ्यानं विचारलं. साहेबांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं.

ते आपल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असन भाऊ. चुकलं असन."

मी दार लावून यंत्रासमोर बसलो. अर्ध्या मिनिटाचं काम. वहीत होतं तसं लिहिलं, यंत्र सरळ सुरू झालं. पण इतक्या लवकर बाहेर आलो तर संशय येईल म्हणून तासभर पुस्तक उघडं टाकून बसलो. बाहेर आलो तेव्हा साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी तोंडानं थँक्यू सर म्हणालो.

कायम करण्याच्या कागदावरून सादिकभाईंचं नाव निघालं, आणि आठ दिवसांनी कामावर येऊ नका असा निरोप आला. आठ दिवस होते माझ्याकडे. मी तीनदा साहेबांच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा आत माणसं होती. दुसऱ्यांदा कोणी नव्हतं, तर मीच मागे फिरलो. तिसऱ्यांदा आत गेलो, साहेबांनी काय म्हणून विचारलं, आणि मी दोन दिवसांची रजा मागितली. ती मिळालीही.

शेवटच्या दिवशी सादिकभाई चाव्या द्यायला माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "माह्याच्यानं तुमचं नाव खराब झालं, भाऊ. माफ करा."

आणि मी त्यांना माफ केलं. जाऊ द्या, होते असं, म्हणालो. लाज वाटली नाही रे तुला, गुणवंता? वाटली. पण लाज वाटून कोणाच्या घरची चूल पेटत नाही, तेव्हा ती वाटण्याला काय अर्थ!

मधे सहा वर्षं गेली. ऑफिस बंद पडलं, मी दुसरीकडे लागलो. भागीरथेलाही मी हे कधी सांगितलं नाही. जत्रेचं नाव काढलं की मी तिच्यावर खेकसायचो आणि तिला कळायचं नाही की ह्याचं काय बिनसलं.

मग एका लग्नात आरमोरीजवळचे शेतकरी रामाजी भेटले. पंगतीत शेजारी बसले होते. त्यांनी धान काढायला इंजिनवालं मशीन घेतलं होतं, आणि चालवायला माणूस मिळेना म्हणून कुरकुरत होते. गावात एक सादिक म्हणून जुना इंजिनवाला आहे, म्हणाले, पण येतच नाही. का म्हणून विचारलं तर सांगतो, माह्या हाताचा भरोसा नाई, सरकारचं लाखाचं मशीन बिघडवलं या हातानं. दुकानाचं कुलूपसुद्धा तीनतीनदा ओढून बघतो, रामाजी हसत म्हणाले.

माझ्या हातातला घास हातातच राहिला. मला वाटत होतं, मी त्यांची नोकरी घालवली. पण मी घालवली होती ती वेगळीच गोष्ट, आणि ती कोणत्याही साहेबाच्या सहीनं परत येणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरमोरीला बांगड्यांच्या दुकानात गेलो. सादिकभाई स्टुलावर बसून बांगड्यांचे तोडे दोऱ्यात बांधत होते. केस पांढरे झालेले. मला पाहून एकदम उठले, स्टूल पुसून दिलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलणं झालं नसतं. उभ्या उभ्याच सांगितलं: वहीत मी लिहिलं होतं, मीच विसरलो, ओके म्हणजे बरोबर हेही मीच सांगितलं, आणि साहेबांपुढे खोटं बोललो.

ते बराच वेळ बांगड्या बांधत राहिले. मग विचारलं, "मंग मी पहिले मशीनच बंद केली होती?"

हो, मी म्हणालो.

"मंग डबा?"

मग डबा, मग स्क्रीन. सगळं बरोबर केलं होतं तुम्ही.

त्यांनी हातातला तोडा खाली ठेवला आणि आत वळून हाक मारली. जमीलाबाई बाहेर आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. सादिकभाई म्हणाले, "आता सांगतलं ते इले सांगा."

दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कठीण गेलं. जमीलाबाईंनी डोळ्याची पापणीही न हलवता ऐकून घेतलं, आणि माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघून बोलल्या.

"मी त्याच रोजी म्हनलं होतं, तुमच्या हातून असं होत नाई, तो मानूस खोटं बोलून राह्यला. तं हे माह्यावरच गरम झाले. म्हने, भाऊ खोटं बोलत नाई. त्यानं मले शिकवलं." मग माझ्याकडे वळल्या. "सहा वर्स झाले. आमच्या घरात तुमाले वाईट बोलाची मनाई हाये."

सादिकभाईंनी मान खाली घातली. मग, सवयीनंच म्हणा, ते म्हणाले, भाऊले चहा ठेव.

जमीलाबाई जागच्या हलल्या नाहीत. सादिकभाईंनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चहाचं परत काढलं नाही.