बेल्टवरच्या लाल रेघा

माझा स्वभाव मुळातच संशयी. आई म्हणायची, दूध उतू गेलं तरी हा आधी जाळ कुणी मोठा केला ते विचारेल. साठ सालच्या सुमारास मी पुण्याहून बंगळूरजवळ यशवंतपूरच्या एका कौलांच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून आलो आणि पहिल्याच आठवड्यात अण्णा माझ्या डोळ्यांवर आले.

भट्टीकडे कोळसा नेणाऱ्या रबरी बेल्टचा सांधा तपासणं हे अण्णांचं काम. बंगळूरच्या जुन्या मराठी घरातला माणूस, निवृत्तीला वर्ष उरलेलं, आजारी बायकोला घेऊन कारखान्याच्याच खोलीत राहायचे. नोकरी गेली की खोलीही जाणार. मॅनेजरने मला बजावलं होतं, म्हातारा काम करतो की नुसता वेळ काढतो ते बघून सांगा.

मी बघितलं. दर शुक्रवारी बेल्ट थांबवून अण्णा डोळे मिटून सांध्यावरून तळवा फिरवायचे आणि वाटीतल्या हळद-चुन्याने त्यावर लाल रेघा ओढायचे. शुक्रवार, मिटलेले डोळे, कुंकवाचा रंग! दसऱ्याच्या आयुधपूजेला यंत्रांना कुंकू लावतात ते ठीक, पण दर आठवड्याला? तपासणीच्या नावाखाली देवीची पूजा चालली आहे, असं मी ठरवून टाकलं. त्यांना विचारायचं काही मला सुचलं नाही.

एका बुधवारी सकाळी मी त्या रेघा घासून पुसायला लावल्या.

अण्णा मलाच शोधत होते. कळल्यावर धावत आले. रेघ सांध्याच्या अलीकडून पलीकडे जाते, सांधा सुटायला लागला की तिचे दोन तुकडे सरकतात, खडू कोळशाच्या धुळीत टिकत नाही म्हणून हळद-चुना, आणि डोळे मिटले की उचललेली कड तळव्याला नेमकी कळते, असं त्यांनी धापा टाकत सांगितलं. त्या सकाळीच एक रेघ तांदळाएवढी सरकलेली त्यांना दिसली होती.

"साहेब, स्वल्प, थोडा वेळ बेल्ट थांबवा. सांधा उघडून बघू."

चोराच्या उलट्या बोंबा, मला वाटलं. कुठे सरकली ते दाखवा, म्हणालो. दाखवणार काय, कपाळ! रेघ मीच पुसली होती. बेल्ट चालूच ठेवला.

दुपारी सांधा फाटला. कोळसा सांडला, नशिबाने कुणाला लागलं नाही. मॅनेजरने सगळ्यांसमोर मला विचारलं, यांनी आधी काही सांगितलं होतं का? अण्णा माझ्याकडे बघत होते. "नाही," मी म्हणालो. भेकडपणाच तो, दुसरं काय म्हणू? त्याच संध्याकाळी अण्णांना कामावरून कमी केलं.

तिसऱ्या दिवशी ते खोली रिकामी करत होते, तेव्हा मी गेलो. मदतीला नव्हे. जाता जाता अण्णा मॅनेजरला माझं नाव सांगतील, हा संशय मला झोपू देत नव्हता.

अण्णा ट्रंकेला दोरी बांधत होते. आत बायको खोकत होती.

"मी कुणाला बोललो नाही, साहेब," ते म्हणाले. "तुम्हीच सांगाल म्हणून वाट बघितली."

मी वाकून दोरीचं दुसरं टोक धरलं. त्यांनी ते माझ्या हातातून सोडवून घेतलं आणि गाठ एकट्यानेच मारली.